सांगोवांगी आणि प्रचीती

एखादी गोष्ट जाहिरातीवाचून पसरली म्हणजे ती खरीच असली पाहिजे, असा एक समज आपल्याकडे फार जुना आहे. वैद्याचा गुण, बुवाचे कीर्तन, शिक्षकाची शिकवणी, खानावळीचे जेवण या सर्वांची परीक्षा आपण 'लोक काय म्हणतात' यावरच करीत आलो. या समजाचाच आधार घेऊन गेल्या दहापंधरा वर्षांत पुरुषांना 'घडवू' पाहणाऱ्या अनेक मंडळ्या फोनच्या पडद्यावर उभ्या राहिल्या आहेत. पहाटे उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, व्यसन सोडा, शरीर कमवा, पैसा कमवा, स्त्रीच्या मागे लागू नका, अशी त्यांची साधारण शिकवण असते. आणि शिकवणीच्या शेवटी हमखास एक वाक्य येते: आम्ही कधीही जाहिरात केली नाही, एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, आणि परिवार वाढला.

हे वाक्य आम्हाला विचारात पाडते. ते खोटे आहे असे नव्हे. बहुतेक वेळा ते अक्षरशः खरे असते. प्रश्न असा आहे की त्यावरून काय सिद्ध होते? 'एकाने दुसऱ्याला सांगितले' या क्रियेत सांगणारा कोण, ऐकणारा कोण, आणि सांगताना सांगणाऱ्याचे काय पणाला लागते, हे पाहिल्याशिवाय या वाढीला पुरावा मानता येणार नाही, असे आमचे मत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण 'कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या पुरुषात बोलतो' हे प्रश्न शेवटी वाङ्मयाच्या वर्गातलेच आहेत.

आपल्या भाषेने या बाबतीत आधीच बरीच छाननी करून ठेवलेली आहे. जी बातमी आपोआप पसरते तिला मराठीत 'कर्णोपकर्णी' गेली असे म्हणतात. येथे तोंडाचा उल्लेखच नाही. एका कानातून ती थेट दुसऱ्या कानात जाते. जणू मधल्या माणसाने ती स्वतःची म्हणून कधी उच्चारलीच नाही. 'सांगोवांगी' हा शब्द तर उघडच अविश्वासाचा आहे. त्याच्या समोर उभा राहणारा शब्द 'प्रचीती'. समर्थ रामदासांनी दासबोधात ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा भर दिला ती ही प्रचीती, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः घेतलेला अनुभव. सांगोवांगी आणि प्रचीती या दोन्ही गोष्टी माणसाच्या तोंडूनच पसरतात, बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींची वाढ सारखीच दिसते. पण पहिलीत सांगणारा निरोप्या असतो आणि दुसरीत तो जामीन असतो. या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे ते एवढ्या भेदातच सामावलेले आहे.

हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहण्यासाठी फोंडाघाटासारखे ठिकाण सोयीचे आहे. कणकवली तालुक्यातले हे गाव देवगड-निपाणी रस्त्यावर, घाटाच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. वर दाजीपूरचे जंगल आणि राधानगरी, खाली किनारपट्टी. आंबा-मासळी वर चढते, गूळ-भाजीपाला खाली उतरतो. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर माणसे येथे क्षणभर टेकतात, आणि जेथे माणसे टेकतात तेथे बातमीही उतरते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा पुरुषांच्या अनुपस्थितीचा मुलूख आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. त्यापूर्वीच्या दशकांत हे अंतर याहूनही मोठे होते. घरटी एक तरी चाकरमानी मुंबईला, हे येथले गृहीतच. हे पुरुष गिरणगावातल्या चाळींमध्ये गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत दहा-वीस जण मिळून राहिले, खानावळीत जेवले आणि पाळ्या बदलत झोपले. दारू, मटका, कर्ज, पोरकेपण ही त्या खोलीची एक बाजू. भजनी मंडळ, गावाचा फंड, तालीम ही दुसरी. पुरुषांनी पुरुषांना सुधारण्याचे आपल्याकडचे जे प्रयोग झाले त्यांतले पुष्कळसे अशाच खोल्यांतून झाले, आणि त्यांपैकी कोणत्याही प्रयोगाला जाहिरात ठाऊक नव्हती.

उदाहरणार्थ माळ. वारकरी माळ घालतो म्हणजे काय करतो? दारू सोडतो, मांस-मासळी सोडतो, एकादशी धरतो, वर्षातून एकदा तरी पंढरीची वाट चालतो. देशावरच्या शेतकऱ्याने मटण सोडणे ही एक गोष्ट, पण कोकणी माणसाने मासे सोडणे ही वेगळीच गोष्ट आहे. येथे मासळी हा सणावाराचा पदार्थ नसून रोजचे जेवण आहे. पावसाळ्यात ताजी मिळाली नाही तर सुकी असते. अशा घरात एक जण माळकरी झाला की त्या दिवसापासून चूल बदलते. एक तर साऱ्या घराची मासळी सुटते, नाही तर दोन वेगळी भांडी चढतात. म्हणजे माळ घालण्याची बातमी सर्वांत आधी कोणाला कळते? घरातल्या बाईला. मग शेजाऱ्याला, मग मासळी घेऊन येणारीला, मग वाडीला. तो माणूस कोणाला काही सांगायला जात नाही, तरी त्याची गोष्ट पसरते, कारण तिचा परिणाम दुसऱ्यांच्या ताटात दिसतो. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तो टिकलेला दिसला की वाडीतला दुसरा कोणी, बहुधा पूर्वी त्याच्याबरोबर पिणारा, एका संध्याकाळी हळूच विचारतो, तुला कसे जमले? ही खरी तोंडी वाढ. तिच्यात विचारणारा आधी येतो आणि सांगणारा मागून. जो माळ घालून पुन्हा गुत्त्यावर दिसला त्याचीही बातमी तितक्याच वेगाने पसरते, आणि तिच्यामुळे पुढची चार माणसे माळेपासून दूर राहतात. येथे प्रचाराला लगाम घालणारी यंत्रणा प्रचाराच्या पोटातच आहे.

कणकवलीचेच दुसरे उदाहरण घेऊ. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. त्याआधी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली होती ती मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे अशी. उच्चवर्णीय कैद्याला ते काम द्यायला तुरुंगाचे नियम तयार नव्हते. त्यासाठी अप्पांनी अन्न कमी केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. अप्पांनी अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्याने दिलीच नाहीत असे नव्हे. पण कोकणात त्यांची गोष्ट जी फिरली ती व्याख्यानांची नव्हे. एक ब्राह्मण गृहस्थ स्वतः संडास साफ करतो, ही गोष्ट फिरली. 'तुम्ही सुधारा' असे म्हणण्यापूर्वी 'मी हे करतो' एवढेच वाक्य त्यांनी कृतीने उच्चारले होते.

'मी'च्या या वाक्याला सर्वांत शिस्तबद्ध रूप ज्या संघटनेने दिले तिचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा आहे, पण ती आता आपल्याही गावांत रुजलेली आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक दलाल कामानिमित्त अक्रन या शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. व्यवहार फिसकटला, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा, आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. त्या घटकेला त्याच्या लक्षात आले की आपल्याला वाचायचे असेल तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलले पाहिजे. त्याने चौकशी करकरून डॉ. बॉब स्मिथ यांना गाठले. त्यांना उपदेश करण्याऐवजी तो स्वतःची कहाणी सांगत बसला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात ही अशी आहे. दुसऱ्याला सांगण्याचा मूळ हेतू येथे दुसऱ्याचा उद्धार हा नाही, तर सांगणाऱ्याचे स्वतःचे वाचणे हा आहे. पुढे या संघटनेने आपली तत्त्वे शब्दबद्ध केली तेव्हा त्यांत एक तत्त्व असे ठरले की आपली वाढ प्रचाराने न होता आकर्षणाने व्हावी, आणि वृत्तपत्रांत वगैरे सभासदाने आपले नाव उघड करू नये.

अर्थात ही वाढ निव्वळ तोंडी होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४१ च्या मार्चमध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या लोकप्रिय साप्ताहिकात या संघटनेवर मोठा लेख आला, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे दोन हजारांची सभासदसंख्या आठ हजारांवर गेली. म्हणजे छापील शब्दाने दार दाखवले. पण दारातून आत आलेल्या माणसासमोर जो बसला तो लेखक नव्हता. काल-परवापर्यंत त्याच्यासारखाच गटारात पडलेला कोणी तरी होता. भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झाले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथेही बरे झालेले रुग्णच पुढे नव्या रुग्णांचे सोबती आणि समुपदेशक झाले. अनिल अवचटांच्या गर्दविषयीच्या लेखनाने समाजाला प्रश्न कळला हे खरे. पण पुण्यापासून दूरच्या एखाद्या गावातला मनुष्य त्या दारापर्यंत पोचतो तो बहुधा गावात कोणी तरी तेथून परत आलेला असतो म्हणून.

आता वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून व्याकरणाकडे पाहावे अशी आमची विनंती आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत बोलणारा सहसा प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. 'तू असे कर' हे वाक्य तेथे शिष्टसंमत नाही. 'मी असे केले, मला असे झाले' एवढाच अधिकार. हे आपल्याला अपरिचित आहे काय? मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते आरंभापासून संबोधले आहेत ते मनाला. रामदासी दारोदार ते म्हणत भिक्षा मागत, असे परंपरा सांगते. ऐकणारी गृहिणी किंवा गृहस्थ यांना बोध होई, परंतु उच्चारणारा त्यांना उद्देशून बोलत नसे. तो स्वतःच्या मनाला बजावीत असे आणि ऐकणाऱ्याला ते कानावर पडू देत असे. तुकोबांच्या आत्मपर अभंगांतही हेच आहे. दुष्काळाने मोडलेला संसार, दिवाळे, बायकोचे अन्नावाचून मरणे, लाज, हे सारे ते स्वतःविषयी सांगतात. त्यांच्या उपदेशाच्या कठोर अभंगांना जे वजन प्राप्त झाले ते या कबुलीने. ज्याने स्वतःची झाडाझडती चारचौघांत घेतली त्यालाच दुसऱ्याला रागे भरण्याचा अधिकार, हा संकेत मराठी मनात इतका खोल आहे की कोरडा उपदेश करणाऱ्याला आपण आजही 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणून वाटेला लावतो.

पुरुषांच्या आत्मसुधारणेची मंडळी कोठे वळण घेते हे आमच्या मते या पुरुषभेदावरून ओळखता येते. 'मी' पासून ती सुरू होते: मी बिघडलो होतो, मी असे केले. मग ती 'तू' वर येते: तू आळशी आहेस, ऊठ. येथपर्यंत फार बिघडलेले नसते. तालमीतला वस्तादही असेच बोलतो. पण काही मंडळ्या तिसऱ्या पायरीवर जातात आणि तेथे 'ती' किंवा 'ते' उगवतात. तुझ्या अपयशाला 'ती' कारण आहे, 'ते' कारण आहेत. ज्या क्षणी हा तृतीयपुरुष वाक्याचा कर्ता होतो त्या क्षणी आत्मसुधारणेतला 'आत्म' गळून पडतो. दोष बाहेर गेला म्हणजे सुधारण्यासारखे आत काही उरतच नाही. उरतो तो राग. आणि राग हा प्रचीतीपेक्षा कितीतरी वेगाने कर्णोपकर्णी जातो.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच नोंदवून ठेवतो. तोंडी प्रसार हा मुळात सत्याचा पक्षपाती नाही, हे आपल्याला पडदा येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी तरुणांमध्ये जी आत्मसुधारणेची शिकवण सर्वाधिक पसरली ती वीर्यनाशाच्या भीतीची. तालमीत, वसतिगृहात, चाळीच्या गच्चीवर ती कुजबुजीने पोचे, आणि तिच्या धास्तीने कित्येकांनी आपले तारुण्य अपराधी भावनेत काढले. तिला उत्तर द्यायला र. धों. कर्वे उभे राहिले. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी 'समाजस्वास्थ्य' पदरमोड करून चालवले, वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्राच्या आधाराने उत्तरे दिली, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. परंतु कर्व्यांच्या भोवती परिवार वाढला नाही. ज्याला उत्तर मिळे तो सुटकेचा निःश्वास टाकी आणि गप्प बसे. आपण हा अंक वाचतो हे चारचौघांत सांगण्याची सोयच नव्हती. भीती बोलकी होती आणि सुटका मुकी होती. जाहिरातीवाचून वाढ म्हणजे सत्य, हे समीकरण येथेच मोडते. खोटे पसरले, खरे अंकाच्या पानांत राहिले. आज परदेशी इंग्रजी नावांनी 'संयमाचे दिवस मोजणाऱ्या' ज्या तरुण मंडळ्या आपल्याकडे फोनवरून येतात त्यांतील कित्येक म्हणजे कर्व्यांनी ज्याला विरोध केला त्याच भीतीचा नवा अवतार आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरे वाटत नाही.

मग फोनने नेमके काय बदलले? भीती जुनी, लाज जुनी, पुरुषाचे एकटेपणही जुनेच. बदलला तो सांगणाऱ्याचा जामीन. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून स्वतःच्या तोंडाने बोलणारी ही माणसे; त्यांचा जीव घेतला तो कोणाच्याच नसलेल्या बोलण्याने. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. एका कंपनीला 'सांगण्या'वर आकड्याचे बंधन घालावे लागले, कारण पुढे ढकलणाऱ्याच्या अंगाला काहीच लागत नव्हते. 'फॉरवर्ड' या क्रियेला मराठीत अजून नीट शब्द सापडलेला नाही, आणि ते एका परीने योग्यच आहे. त्या क्रियेत कोणी काही सांगतच नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे सांगण्याबद्दल पैसे मिळणे. अँड्र्यू टेट या ब्रिटिश-अमेरिकन इसमाचे नाव आता आपल्याकडच्या महाविद्यालयीन मुलांनाही ठाऊक आहे. दरमहा वर्गणी घेऊन पुरुषांना श्रीमंत आणि 'कणखर' बनवण्याची त्याची एक शाळा होती. २०२२ च्या उन्हाळ्यात तिचे एक लाखाहून अधिक सभासद असल्याचे सांगितले जात होते. टेटची स्त्रीद्वेषाने भरलेली चित्रफितींची शकले जगभर कशी पसरली याचा शोध त्या वर्षी ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर पत्राने घेतला. तेव्हा असे दिसले की सभासदांनाच ती शकले पसरवायला शिकवले जाई, आणि त्यातून नवा सभासद आला तर त्याच्या वर्गणीचा जवळजवळ निम्मा वाटा सांगणाऱ्याला मिळे. जितके वादग्रस्त तितके जास्त पाहिले जाईल, असा हिशेबही सांगितलेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी टेटला आपल्या व्यासपीठांवरून काढून टाकले आणि ही दलालीची योजना बंद झाली. पण पद्धत शिकवून झाली होती. येथेही 'एकाने दुसऱ्याला सांगितले' हे वाक्य खरेच आहे. फक्त माळकऱ्याला सांगण्यासाठी मासे सोडावे लागले होते, आणि येथे सांगणाऱ्याला कमिशन मिळते. एकात सांगणारा काही देतो, दुसऱ्यात काही घेतो. याहून सोपी कसोटी आम्हाला सुचत नाही.

गावाकडचे ते सारे सोन्याचे आणि पडद्यावरचे सारे पितळेचे, असा निष्कर्ष मात्र आम्ही काढणार नाही. गावातल्या तोंडी समाजाला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली लाजेची. वाडीत सर्वांना सर्व ठाऊक असते, म्हणूनच ज्याला बोलायचे आहे त्याला बोलता येत नाही. नैराश्याने ग्रासलेला, कर्जात बुडालेला, गोव्याच्या स्वस्त दारूत रुतलेला, शरीरसंबंधांत अयशस्वी ठरलेला तरुण फोंड्याच्या बाजारात कोणाजवळ मन उघडे करील? त्याला मध्यरात्री फोनवर अनोळखी माणसाशी बोलता येते हा दिलासा खोटा नाही. २०२० च्या टाळेबंदीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही पडद्यावर भरल्या आणि पुष्कळांना त्यांनी सावरले. पण निनावीपणाच्या दोन जाती ओळखायला हव्यात. त्या सभेत बोलणाऱ्याला आडनाव नसते, पण तो स्वतः हजर असतो. आज बोलून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा त्याच खुर्चीवर दिसतो. पडद्यावरच्या गुरूचे नाव जगभर दुमदुमते, पण तो हजर कोठेच नसतो. नाव नसले तरी चालेल, हजेरी हवी.

दुसरी मर्यादा वाढीचीच आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या दासबोध-निरूपणाच्या बैठका कोकणात आणि चाकरमान्यांच्या मुंबईत कोणत्याही जाहिरातीशिवाय पसरल्या. तोंडी वाढीचे एवढे मोठे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. आठवड्याला ठरल्या वेळी, पुरुषांनी आणि स्त्रियांनी वेगवेगळे बसून ऐकायचे. या नेमाने कित्येक घरांतली दारू गेली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याच्या शासकीय सोहळ्यात लाखोंचा समुदाय भर उन्हात बसवला गेला आणि उष्माघाताने दहाहून अधिक श्रीसेवकांचा मृत्यू झाला. तेथे आलेला प्रत्येक जण कोणा एकाच्या सांगण्यावरून, एका छोट्या खोलीतल्या बैठकीतून आला होता. खोलीत त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात आली असती. मैदानावर तो आकड्याचा भाग होता. तोंडी वाढ टिकते ती लहान खोल्यांच्या संख्येत. खोल्या एका मैदानात ओतल्या की ज्या ओळखीवर ती उभी राहिली ती ओळखच हरवते, मग मैदान उन्हातले असो वा पडद्यावरचे.

एक प्रश्न उरतो आणि तो आम्हाला सर्वांत कळीचा वाटतो. पुरुष सुधारला, याची साक्ष कोणी द्यायची? आजवर आपण पाहिलेल्या बहुतेक मंडळ्यांत पुरुषाची साक्ष पुरुषच देतो. १९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकाराने वृत्तपत्रातून आवाहन केले की बायकांना मारणे चुकीचे आहे असे मानणारे पुरुष हवेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', म्हणजे 'मावा', ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी ती चालवत आले. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा दिवाळी अंक आपल्या नियतकालिकांच्या इतिहासात वेगळा ठरतो, कारण पुरुषाने स्वतःच्या पुरुषपणाकडे संशयाने पाहावे अशी अपेक्षा त्यात धरली आहे. या कामाची वाढ संथ आहे. वर्गणीतला वाटा नाही, शत्रू नाही, चित्तथरारक शकले नाहीत. तरी सुधारणेचे माप दंडाच्या घेरात किंवा पगारात न धरता घरातल्या बाईशी होणाऱ्या वागण्यात धरावे, हे येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

आमचे म्हणणे याच्याही एक पाऊल पुढचे आहे. पुरुषांच्या कोणत्याही मंडळीची तोंडी कीर्ती घराच्या उंबऱ्याच्या आतून सुरू झालेली असेल तरच ती विश्वासार्ह मानावी. माळकऱ्याच्या बाबतीत हे आपोआप घडत असे. दोन भांडी कोणी चढवायची हा प्रश्न बाईसमोर उभा राही आणि नवऱ्याचा नेम खरा की दिखाऊ याचा निकाल तिला महिन्याभरात लागे. (त्या दुसऱ्या भांड्याचे कष्ट तिलाच पडत, याची नोंद मात्र आपल्या भक्तिवाङ्मयाने फारशी ठेवलेली नाही.) ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या घरे बायकांनी राखली, शेत त्यांनी केले, मनिऑर्डरची वाट त्यांनी पाहिली, त्या जिल्ह्यात पुरुष सुधारल्याची खबर पुरुषांनीच एकमेकांना द्यावी आणि तीच प्रमाण मानावी, हे विचित्र आहे. फोनवरच्या मंडळ्यांत नेमका हाच साक्षीदार बाहेर ठेवलेला असतो. 'घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही' हे त्यांचे पहिले बोधवाक्य असते. ज्या सुधारणेची बातमी घरातल्यांपासून लपवावी लागते ती सुधारणा नसावी, असा संशय घ्यायला आम्ही मोकळे आहोत.

शिक्षक म्हणून आपल्या हाती फार काही नाही, पण जे आहे ते थोडके नाही. वर्गात समोर बसलेली मुले हे सारे रोज ऐकत-पाहत असतात आणि त्याविषयी आपल्याशी एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्यावर बंदीचा उपदेश फेकला तर आपणही 'तू' च्या पायरीवरच अडकू. त्याऐवजी तुकोबांचा आत्मपर अभंग, मनाचे श्लोक, कर्व्यांचे एखादे उत्तर आणि पडद्यावरचे एखादे प्रवचन, हे सारे एकाच तासाला शेजारी शेजारी ठेवून वाचावे. येथे बोलतो कोण? कोणत्या पुरुषात बोलतो? दोष कोणाच्या नावावर जमा करतो? हे सांगितल्याने त्याचे काय जाते, की त्याला काही मिळते? उद्या तो कोठे भेटेल? त्याच्या घरी विचारले तर काय उत्तर येईल? हे प्रश्न संहितेला विचारण्याची सवय लावणे हे आपले कामच आहे. परीक्षेत 'निवेदक' आणि 'संबोधित' यांच्या व्याख्या लिहून गुण मिळवणाऱ्या मुलाला मध्यरात्री फोन हातात असताना हेच प्रश्न आठवले, तर आपण मराठी शिकवली असे म्हणता येईल.